राखणीचे मोल



ज्याचे शेत लहान आणि पीक डोळ्यांत भरणारे, त्याला राखणदार हवाच. पण तो राखणीचे काय घेतो, हेही पाहावे लागते. कुवेतचेच घ्या ना.

१८९९ साली तिथले शेख मुबारक यांनी इंग्रजांशी करार केला. इंग्रजांच्या संमतीवाचून कोणाला जमीन द्यायची नाही, परक्या वकिलाला थारा द्यायचा नाही. मोबदला काय? १५,००० रुपये आणि पाठबळ. हो, रुपयेच! १९६१ पर्यंत तिथे रुपयाच चालत असे.

१९ जून १९६१ ला कुवेत स्वतंत्र झाले. आठवडाही उलटला नाही, तोच इराकच्या कासीम यांनी त्यावर हक्क सांगितला. शेखांनी हाक मारली. १ जुलैला ब्रिटिश फौजा उतरल्या. संकट टळले.

पण १९७१ मध्ये इंग्रज आखातातून निघून गेले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे कुवेतमध्ये घुसले. कामाला गेलेली आपली माणसे अडकली; एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांनी कुवेत सोडवले. त्याच सप्टेंबरात कुवेतने अमेरिकेशी संरक्षण करार केला. राखणदार बदलला, गरज तीच राहिली.

गुरुजनहो, वर्गात नकाशा उघडाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा : राखणदार येतो तो आपल्या गरजेने, पण राहतो किंवा जातो तो स्वतःच्या सोयीने. म्हणून शेजाऱ्याशी सलोखा ठेवावा. ती राखण सर्वांत स्वस्त.