राजकारणाची बातमी आणि वाचकाचा वाटा

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त हैदराबाद येथे राजकीय वार्ताहरांशी जाहीर संवादाचा कार्यक्रम झाला. त्याच्या आरंभी केलेले भाषण.)



आजच्या सभेचे खरे वक्ते आम्ही नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. राष्ट्रीय राजकारणाच्या बातम्या देणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, ते पाहुणे व्यासपीठावर बसले आहेत. आम्ही पडलो शाळामास्तर. वर्गात नागरिकशास्त्र शिकवावे आणि घरी उत्तरपत्रिका तपासाव्यात, एवढेच आमचे क्षेत्र. तथापि पाहुण्यांना प्रश्न विचारण्यापूर्वी वाचकांच्या वतीने कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा चिटणिसांचा आग्रह पडला. वाचक म्हणून बोलायला वेगळा अधिकार लागत नाही, म्हणून उभे राहिलो आहोत.

वार्ताहराचे काम दिसते तितके सोपे नाही. संसदेत प्रश्नोत्तरांचा तास असतो. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न घेतले जातात. त्यांची उत्तरे मंत्र्यांनी तोंडी द्यावयाची. त्यांतील मोजकेच तासाभरात पुरे होतात. त्याखेरीज २३० अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे पटलावर येतात. गॅलरीत बसून चकमकी टिपणे सोपे. त्या लेखी उत्तरांच्या गठ्ठ्यातून जनतेच्या उपयोगाची एक ओळ शोधून काढणे कठीण. गठ्ठा उपसणारा वार्ताहर आपल्याला दिसत नाही, आरडाओरड मात्र दिसते.

दुसरी अडचण याहून नाजूक. बातमी हवी तर वार्ताहराला मंत्र्याच्या दारात उभे राहावे लागते; पण मंत्र्याच्या घरचे होऊन चालत नाही. जवळ गेल्यावाचून कळत नाही, आणि फार जवळ गेले की लिहिता येत नाही. या अडचणीतून वार्ताहराला सोडविणारा एकच मनुष्य आहे, आणि तो म्हणजे वाचक. आमचे सांगणे एवढेच की वृत्तपत्राचे स्वातंत्र्य ही मुळात वाचकाची मिळकत आहे. संपादक आणि वार्ताहर तिचे विश्वस्त होत. विश्वस्त म्हणजे काय, हे या संस्थेच्या सभासदांना आम्ही सांगायला नको.

हे आम्ही हवेत बोलत नाही. पुण्याच्या 'सकाळ'चे प्रकरण पाहा. डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली सुरू केलेले हे दैनिक. १९६० साली केंद्र सरकारने हुकूम काढला की दैनिकाने किती किमतीला किती पाने द्यावीत, हे सरकार ठरवील. जास्त पाने द्यावयाची तर किंमत वाढवा. किंमत तीच ठेवावयाची तर पाने कमी करा. लहान पत्रांना संरक्षण मिळावे हा हेतू, असे सरकारचे म्हणणे होते. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्याच्याबरोबर दोन वाचकही स्वतंत्र अर्ज घेऊन गेले. १९६१ साली न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात तो विचार लोकांपर्यंत पोहोचविण्याचे स्वातंत्र्यही येते, असे त्या निकालाचे सार आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयात एका मराठी दैनिकाबरोबर त्याचे वाचक उभे राहिले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

आता दिल्लीकडे वळू. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले आणि विमेदारांचा पैसा सरकारच्या हाती आला. त्यातून हरिदास मुंध्रा नावाच्या व्यापाऱ्याच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेण्यात आले. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे प्रकरण सविस्तर मांडले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे सभासद होते, हे ध्यानात घ्यावे. मुंबईचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

पण सभागृहातले ते शब्द गावोगावच्या विमेदारापर्यंत बिनधोक पोहोचू शकले, याच्या मुळाशी एक लहानसा कायदा होता. संसदेत सभासद जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. परंतु तेच भाषण छापणाऱ्या पत्राला असे निश्चित संरक्षण नव्हते. फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणून १९५६ साली ती उणीव भरून काढली. संसदेच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तान्त द्वेषबुद्धीविना दिला, तर पत्रावर दावा चालणार नाही, असे त्या कायद्याने ठरले. आणीबाणीत हाच कायदा रद्द करण्यात आला. १९७७ साली तो पुन्हा आला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्याचे तत्त्व खुद्द राज्यघटनेत, ३६१-अ या अनुच्छेदात, बसले. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या छापखान्यांची वीज तोडली गेली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण दिवा विझला की तो साऱ्यांना दिसतो. कायदा निघून गेला तर ज्याचे लक्ष असेल त्यालाच कळते.

आणि आपल्या या हैदराबाद शहराचे काय? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी निजामी राजवटीत, रझाकारांचा जोर असताना, संस्थानाने भारतात सामील व्हावे असे उघड लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारे हात तोडले गेले आणि त्यांचा अंत झाला. त्यांची तिशीही उलटली नव्हती. पुढच्याच महिन्यात संस्थान भारतात आले. त्यांनी उर्दूत लिहिले ते याच शहरातल्या मराठी, तेलुगू आणि कानडी माणसांच्याही भल्याचे होते. ज्या सत्तेविरुद्ध त्यांनी लिहिले तिच्या नावाने त्यांचाच धर्म पुढे केला जात होता. तरी सत्य सांगताना त्यांनी स्वकीय-परकीय असा भेद केला नाही. आम्हां मुसलमानांना हा वारसा सांगताना अभिमान वाटतो. पण तो वारसा साऱ्या शहराचा आहे.

आज हात तोडावे लागत नाहीत, अशी निराळी परिस्थिती आली आहे. बातमी फुकट मिळते, फोनवर मिळते, आणि पुष्कळदा कोणी दिली याचा पत्ताच नसतो. फुकटाची बातमी म्हणजे तिचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेले असतात. ते का भरले, हा प्रश्न आपण विचारीत नाही. बाजारात चार आण्यांची भाजी घेताना आपली आजी देठ मोडून पाहत असे. आपण देशाच्या कारभाराची बातमी देठ न मोडता शेजाऱ्याच्या घरात टाकून येतो. मग निवडणुकीच्या दिवसांत एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडे एकमेकांशी बोलेनाशी होतात, आणि ज्या मजकुरावरून ती भांडली तो कोणी लिहिला हे दोघांनाही माहीत नसते. वर्षानुवर्षे एकमेकांच्या लग्नकार्याला धावून जाणाऱ्या आपल्या समाजाला हा तोटा परवडणारा नाही.

शाळेत आम्ही मुलांना तीन प्रश्न घालून दिले आहेत. हे कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? आणि ज्याच्याविरुद्ध सांगितले, त्याचे म्हणणे कोठे आहे? या तीन प्रश्नांना उत्तर देणारी बातमी मग ती आपल्या पक्षाला कडू का असेना, ती घ्यावी. उत्तर न देणारी आपल्याला कितीही गोड लागली तरी ठेवून द्यावी. मुले हे लवकर शिकतात. वडीलधाऱ्यांना थोडा वेळ लागतो.

विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. महोत्सवाच्या निधीतून संस्थेने एकमेकांशी न पटणारी दोन मराठी दैनिके रोख पैसे देऊन घ्यावीत, त्यांच्या जोडीला एक उर्दू आणि एक तेलुगू घ्यावे, आणि आठवड्यातून एक तास मुलांनी एकच बातमी चारही पत्रांतून लावून पाहावी. भाषेची अडचण पडेल तेथे शेजारचे मूल वाचून दाखवील. उर्दू वाचून दाखविण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करतो. खर्च थोडा आहे, आणि या निमित्ताने शेजारी शेजाऱ्याशी बोलेल.

पाहुण्यांना आमचा पहिला प्रश्न असा : आपण दिल्लीत एखादी अप्रिय पण खरी बातमी लिहिता, तेव्हा आपल्या पाठीशी कोण उभे राहावे अशी आपली अपेक्षा असते? उत्तर 'वाचक' असे असेल, तर आम्ही काय केले पाहिजे, तेही स्पष्ट सांगावे. ऐकायला आम्ही सारे तयार आहोत.