झपाटलेले घर



१९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. जुन्या, प्रशस्त घरात राहावयास आल्यापासून त्या कुटुंबास रात्री पावले वाजल्याचा भास होई, अनोळखी आकृती दिसत. मुले निस्तेज झाली, डोकेदुखी जडली, घरातील झाडेही सुकली. अखेर घर उबदार ठेवणारी भट्टी तपासली, तेव्हा ती नादुरुस्त असून तिचा धूर धुराड्याऐवजी घरात पसरत असल्याचे आढळले. भट्टी दुरुस्त झाली आणि ‘भुते’ नाहीशी झाली.

हा प्रताप कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा घट्ट चिकटतो; मेंदूस प्राणवायू अपुरा पडतो.

प्रत्येक भासाचे कारण हेच असते असे नव्हे. परंतु ‘घर झपाटलेले आहे’ एवढ्यावरच ते कुटुंब थांबले असते, तर? उत्तर भारतात आजही हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेली माणसे कधीकधी सकाळी उठतच नाहीत.

म्हणून भ्यालेल्या माणसास हसू नये. त्यास दिसले ते त्याच्यापुरते खरेच असते. त्यास धीर द्यावा, खिडकी उघडावी आणि मग कारण शोधावे.