कुठून कळलं?

शेअर बाजारात, फंडांमध्ये, दलालीच्या पेढ्यांवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निर्देशांक कुठे जाईल, व्याजदर कधी उतरतील, यावर दुपारच्या सत्रांत जाणकार बोलणारच आहेत. मी माझा वेळ एका खटल्याला देणार आहे. मागच्या रांगांत बसलेली मुलं त्यातल्या आरोपीपेक्षा थोडी लहान आहेत, आणि पुढच्या रांगांतले आपण त्याच्या साहेबाच्या वयाचे आहोत.

मॅथ्यू मार्टोमा. आईवडील केरळमधून अमेरिकेत गेलेले, शिक्षण ड्यूक आणि स्टॅनफर्डमध्ये. स्टीव्हन कोहेन यांच्या एसएसी कॅपिटल या हेज फंडात तो २००६ मध्ये रुजू झाला. काम औषध कंपन्यांच्या शेअरचं. एलान आणि वायेथ या कंपन्या तेव्हा अल्झायमरवरच्या बापिन्यूझुमॅब या औषधाच्या चाचण्या घेत होत्या. मार्टोमाच्या शब्दावर फंडाने या दोन शेअरमध्ये सुमारे ७० कोटी डॉलर लावले. फंडातल्याच काही विश्लेषकांना हे पटत नव्हतं. त्यांनी कोहेन यांना लेखी विचारलं होतं, की मॅथ्यूला खरंच काही माहीत आहे की नुसता अंदाज आहे. उत्तर आलं ते एवढंच, की या विषयाच्या सर्वांत जवळ तोच आहे.

तो जवळ कसा पोचला, ते नीट पाहण्यासारखं आहे. डॉ. सिडनी गिलमन हे मिशिगन विद्यापीठातले नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ, चाचण्यांच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष. तज्ज्ञांशी गाठ घालून देणाऱ्या कंपनीमार्फत ते ताशी सुमारे हजार डॉलर घेऊन गुंतवणूकदारांना सल्ला देत. यात बेकायदा काही नव्हतं. मार्टोमाने मन लावून अभ्यास केला, चांगले प्रश्न विचारले, वर्ष-दीड वर्ष पुन्हा पुन्हा फोन केले. या तरुणाकडे पाहून आपल्याला गमावलेल्या मुलाची आठवण यायची, असं वृद्ध डॉक्टरांनी पुढे कोर्टात सांगितलं. मला या खटल्यातली सर्वांत जड गोष्ट हीच वाटते. गोपनीय माहिती आधी चुकून निसटली, मग सांगितली जाऊ लागली, आणि शेवटी चाचणीच्या निष्कर्षांच्या स्लाइड्सच त्याच्यापर्यंत गेल्या.

ते निष्कर्ष २९ जुलै २००८ रोजी शिकागोच्या परिषदेत जाहीर व्हायचे होते. १९ जुलैच्या शनिवारी मार्टोमा विमानाने डॉक्टरांच्या गावी, ॲन आर्बरला जाऊन आला. रविवारी सकाळी त्याने कोहेन यांना मेल केली: महत्त्वाचं आहे, बोलायचं आहे. वीसएक मिनिटं फोन झाला. सोमवारपासून विक्री सुरू झाली, तीही फंडातल्या बहुतेकांना कळू न देता. निष्कर्ष जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एलान ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. तोवर फंडाने सगळा माल काढून वर शॉर्टही केलं होतं. नफा आणि टळलेला तोटा मिळून २७ कोटी डॉलरच्या वर. मार्टोमाला त्या वर्षीचा बोनस मिळाला ९३ लाख डॉलर. पुढे तशी कमाई पुन्हा झाली नाही, आणि २०१० मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये तो दोषी ठरला, सप्टेंबरमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी फंडाने गुन्हा कबूल करून एकूण १८० कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं होतं. कोहेन यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. आपण काही गैर केलं नाही, असंच त्यांनी सांगितलं. त्या वीस मिनिटांत काय बोलणं झालं, ते आजवर बाहेर आलेलं नाही.

हार्वर्डच्या विधी शाखेतून मार्टोमाला गुणपत्रिकेत फेरफार केल्याबद्दल काढलं होतं, हे खटल्याच्या वेळी उघड झालं आणि अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला: मुळातच नासका होता म्हणे. मला हे पटत नाही. त्याचा दोष त्याचाच, शिक्षाही योग्य. पण पुढच्या आठवड्यात निकाल यायचा असताना इतके दिवस छातीठोकपणे घ्या म्हणणारा माणूस एका रविवारी सगळं विका म्हणतो, तेव्हा समोरच्या अनुभवी माणसाने पहिला प्रश्न कोणता विचारायला हवा? कुठून कळलं? जिथे हा प्रश्न विचारत नाहीत आणि बोनस मात्र नफा पाहून देतात, तिथे तरुणाला काय हवंय ते न सांगताच समजतं.

आपल्याकडे सेबीचे नियम १९९२ पासून आहेत, २०१५ मध्ये ते नव्याने आले. तिमाही संपली की कंपनीच्या आतल्या माणसांसाठी ट्रेडिंग विंडो बंद होते, गोपनीय माहिती कुणाला दिली त्याची पॅनसह नोंद ठेवावी लागते. हे सगळं हवंच. पण ‘पक्की खबर आहे’ म्हणत डेस्कवर येणाऱ्या मुलाची पाठ आपण थोपटतो की त्याला समोर बसवून हा प्रश्न विचारतो, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक ठराव ठेवला आहे. निकालाच्या किंवा मोठ्या घोषणेच्या तोंडावर मोठा सौदा करायचा असेल, तर त्याला मंजुरी देणाऱ्या वरिष्ठाने माहितीचा उगम विचारावा, उत्तर लिहून ठेवावं आणि खाली स्वतःची सही करावी. ट्रेडरची नव्हे, वरिष्ठाची. जेवणानंतरच्या सत्रात तो चर्चेला येईल. ज्यांना तो जाचक वाटतो, त्यांनी आवर्जून बोलावं, आणि मागच्या रांगांतल्या मुलांना आधी बोलू द्यावं.