अस्वल आणि तांबेरा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. रुळांची देखभाल हे माझे काम. तरी आज अस्वल आणि गव्हावरचा तांबेरा यांची तुलना करणार आहे. हसू नका!

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातले. लहानपणी आम्ही अस्वलाला फार भ्यायचो. आजोबा मात्र भ्यायचे तांबेऱ्याला. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली, त्यात आमचाही गहू गेला. आजोबा म्हणायचे, "अस्वल आलं तर डबा वाजवता येतो. तांबेऱ्यापुढे काय वाजवायचं?"

अस्वल वाळवी, मुंग्या, बोरे, मोहाची फुले खाते. त्याच्या विष्ठेतून बिया पसरतात, म्हणजे ते जंगल पेरतेही. अचानक समोर आले तर माणसाला जखमी करते, हे खरेच. पण माणसाने त्याच्या नाकात दोरी ओवून त्याला रस्त्यावर नाचवले. दिल्ली-आग्रा मार्गावर कीठमला अशा अस्वलांचे निवारा केंद्र आहे. शेवटचे नाचणारे अस्वल २००९ साली सोडवले गेले.

तांबेरा ही बुरशी. तिला जिवंत झाडच लागते. ती काही पेरत नाही, फक्त शोषते. मैदानातल्या उन्हाळ्यात ती टिकत नाही, मग दरवर्षी येते कुठून? हे कोडे आग्रा कॉलेजच्या प्रा. करमचंद मेहता यांनी सोडवले. ती थंड डोंगरांत गव्हावर तग धरते आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरते. आपल्या महाराष्ट्राकडे काळा तांबेरा येतो तो दक्षिणेच्या निलगिरी-पळणीकडून. आजही शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशभरचे नमुने तपासतात. तांबेऱ्याने रूप बदलले की गव्हाचे नवे वाण शोधावे लागते.

गंमत पाहा, शास्त्रज्ञांच्या मते बुरशी ही झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. म्हणजे अस्वल आणि तांबेरा लांबचे भाऊबंदच!

रुळावर गुरे आली तर ड्रायव्हरला दिसतात. रुळाच्या पोटातली बारीक चीर दिसत नाही, ती अल्ट्रासोनिक यंत्राने शोधावी लागते. मोठ्या प्राण्याला आपण उगाच शत्रू ठरवतो आणि बारीक शत्रूकडे दुर्लक्ष करतो. आजोबांना हे डिप्लोमा न करताही कळले होते.