डम्पही आपल्या नकाशात घ्या

(वनहक्क दाव्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

 

दाव्याच्या नकाशावर बोल म्हणून मला उभं केलं. मी त्यातल्या एकाच जागेबद्दल बोलणार आहे. काल तीन गावांचे कच्चे नकाशे पाहिले. तेंदूची जागा आहे, मोहाची झाडं आहेत, देवाचं ठिकाण आहे, बोडी आहे. मँगनीजचा जुना डम्प मात्र तिन्ही नकाशांत कोरा सोडला. एक भाऊ म्हणाला, "ते काय जंगल आहे? तो कंपनीचा कचरा." कंपनी कुठं आहे भाऊ? आमच्या गावची खाण बंद पडली तेव्हा माझा जन्मही नव्हता. कंपनी यंत्रं घेऊन गेली. डम्प ठेवून गेली.

भंडारा-नागपूरच्या या पट्ट्यात इंग्रजांच्या काळापासून, शंभर वर्षांपासून मँगनीज निघतं. चांगला दगड रेल्वेनं गेला, हलका दगड आणि माती आपल्या धुऱ्याला लागून पडली. पावसाळ्यात ती खाली येते, बांधीत बसते, बोडी गाळानं भरते. हे डोळ्याला दिसतं. पण डम्पमधून झिरपणाऱ्या पाण्यात मँगनीज विरघळूही शकतं, ते दिसत नाही. जमिनीच्या पोटात हवा नसते तिथं ते विरघळलेलंच राहतं, म्हणून बोरिंगचं पाणी निघताना नितळ असतं. गुंडात रात्रभर ठेवलं, हवा लागली, की सकाळी काठाला काळं कडं. लोखंडाचं कडं तांबूस असतं, हे काळं. माझी माय ते राखेनं घासायची आणि म्हणायची, गुंडच खराब निघाला. तीन गुंड बदलले आम्ही! आणि उकळूनही हे जात नाही. उकळल्यानं जंतू मरतात, धातू तसाच राहतो.

मँगनीज थोडं अंगाला लागतं, ते धानातून, भाजीतून मिळतं. जास्त झालं की मेंदूवर जातं. स्कॉटलंडमध्ये १८३७ सालीच एका डॉक्टरनं मँगनीज दळणाऱ्या मजुरांचा आजार लिहून ठेवला. पायातली ताकद गेलेली, बोलणं पुटपुटल्यासारखं. म्हणजे आपल्याकडे खाणी लागायच्या कितीतरी आधी हे माहीत होतं. बांगलादेशात दहा वर्षांच्या पोरांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या पाण्यात मँगनीज जास्त ती पोरं बुद्धीच्या चाचणीत मागं पडली. आपल्या देशाच्या पाण्याच्या मानकात एका लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणीच नसेल तर ०.३ पर्यंत, अशी मर्यादा आहे.

माझा आजा त्या खाणीत होता. म्हातारपणी त्याचे हात थरथरत, चहाची बशी धरता येत नसे. ते मँगनीजमुळेच, असं मी म्हणणार नाही. मी बारावी शिकलो, डॉक्टर नाही. पण त्याला कोणी त्या नजरेनं तपासलंच नाही, हे मात्र मला माहीत आहे.

मागच्या वर्षी आम्ही बोरिंगचं पाणी तपासायला दिलं. कागद आला, "पिण्यास योग्य". गावात आनंद झाला. मी कागद दोनदा वाचला. क्षार होते, फ्लोराइड होतं, लोह होतं. मँगनीजचा रकानाच नव्हता! जे मोजलंच नाही ते नाही असं कसं धरायचं? म्हणून अर्जात धातूंची नावं लिहा. मँगनीज, शिसं, आर्सेनिक. शेवटचे दोन आपल्या डम्पात आहेत की नाहीत ते मोजल्यावरच कळेल.

आता अडचणीची गोष्ट. आपल्याच बाया डम्पावर टोपलं घेऊन जातात, दगड वेचून व्यापाऱ्याला देतात. माझ्या मायनं त्याच पैशातून माझी फी भरली. मी तिला कोणत्या तोंडानं सांगू, की जाऊ नको? आणि दुसरी भीती सारे मनात ठेवतात, बोलत नाहीत. पाणी खराब म्हणून नाव झालं तर आपल्या गावात पोरगी कोण देईल? म्हणून काळं कडं पाहुणे यायच्या आधी घासून टाकतो आपण.

पण डम्प नकाशाबाहेर ठेवला तर उद्या त्याबद्दल बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही. २००६ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. डम्पाखालची बोडी निस्तार पत्रकात आहे, ती नक्कल तलाठ्याकडून काढा. खाण बंद करायचा आराखडा आणि पैशाची हमी घ्यायचा नियम २००३ मध्ये आला, आपली खाण त्याच्या आधीच बंद झाली. म्हणून शासनाकडेच मागायचं. आधी तपासणी, मग पायथ्याला दगडी बांध, वरून माती आणि गवत, आणि त्या कामाची मजुरी वेचणाऱ्या बायांना पहिली. डम्प साफ न करता कोणी "घ्या, तुमची जमीन परत" म्हणालं, तर सही करू नका.

पाऊस लागायच्या आधी एकदा आणि पावसात एकदा, बोडी, विहीर, बोरिंग असे तीन ठिकाणचे नमुने घ्यायचे आहेत. बाटल्या प्रयोगशाळेतून आणायच्या, दारूची नाहीतर तेलाची चालणार नाही. प्रत्येक गावातून दोन माणसं लागतील, त्यात एक बाई पाहिजे, कारण पाणी तीच भरते. नावं जेवणाआधी माझ्याकडे लिहून द्या.