व्होल्टेचें धरण आणि अमेरिकेचें साहाय्य

साहाय्य देणें एक वेळ सोपें. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखून तें देणें अवघड. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांतही हाच अनुभव येतो. पश्चिम आफ्रिकेंतील घानाचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे.

६ मार्च १९५७ रोजीं ब्रिटिशांच्या सत्तेखालील गोल्ड कोस्ट स्वतंत्र झाला व त्यानें घाना हें नांव धारण केलें. अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन त्या सोहळ्यास जातीनें उपस्थित होते. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत घानाचे अर्थमंत्री ग्बेडेमा यांना डेलावेअर राज्यांतील एका उपाहारगृहानें, केवळ ते कृष्णवर्णीय म्हणून, आंत बसूं दिलें नाहीं. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं त्यांना व्हाइट हाउसमध्यें न्याहारीस बोलावून ती चूक सांवरली. मैत्रीचा हात पुढें करणाऱ्यानें आधीं आपलें अंगण झाडावें, हाच या प्रसंगाचा अर्थ.

घानाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांस व्होल्टा नदी अडवून वीज निर्माण करावयाची होती. ते रशियाकडे झुकत आहेत, अशी शंका वॉशिंग्टनला होती. परंतु १९५६ सालीं आस्वान धरणाचें साहाय्य नाकारतांच इजिप्त रशियाकडे वळला, हें उदाहरण ताजें होतें. अखेर डिसेंबर १९६१ मध्यें अध्यक्ष केनेडी यांनीं योजनेस संमति दिली.

हें साहाय्य म्हणजे दान नव्हे. सुमारें निम्मा खर्च घानानें सोसला. उरलेला जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांच्या कर्जांतून उभा राहिला. विजेचा मुख्य ग्राहक होता अमेरिकन कंपन्यांचा ॲल्युमिनियमचा कारखाना. त्यास अत्यंत स्वस्त दरानें वीज मिळाली. कच्चा माल मात्र परदेशांतून येऊं लागला. घानांतील बॉक्साइटवर देशांतच सर्व प्रक्रिया व्हावी, ही एन्क्रुमांची आशा विफल झाली. सरोवराखालीं ८ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमि गेली आणि सुमारें ८० हजार लोकांस घरेंदारें सोडावीं लागलीं.

जानेवारी १९६६ मध्यें आकोसोंबो येथें धरणाचें उद्घाटन झालें. महिन्याभरानें, २४ फेब्रुवारीस, एन्क्रुमा परदेशीं असतांना लष्करानें त्यांची सत्ता उलथून टाकली.

सत्ताधीश गेले, धरण राहिलें. त्याची वीज घानास आजही उपयोगी पडते. म्हणून तें साहाय्य व्यर्थ गेलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु करारांतील दर आणि अटी ठरविण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातीं, लाभाचा मोठा वांटा त्याच्याच पदरीं पडतो. नवस्वतंत्र राष्ट्रानें साहाय्य अवश्य घ्यावें; मात्र स्वाक्षरीपूर्वीं करार अक्षरन् अक्षर वाचावा.