क्षमेची मुदत



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. जैनांच्या पर्युषणपर्वाविषयी बोलावे, अशी आपली सूचना होती. विषय विस्तीर्ण आहे. म्हणून मी एकच प्रश्न हाती घेतो. या पर्वाच्या अखेरच्या दिवसाला एवढे महत्त्व का?

बऱ्हाणपुरास तिथींचा घोळ नवा नाही. येथील मराठी आणि गुजराती घरांत महिना अमावास्येला संपतो, हिंदी घरांत पौर्णिमेला. त्यामुळे श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण वद्य पक्षात सुरू होते, तेव्हा आपल्या लेखी श्रावण असतो आणि शेजाऱ्याच्या लेखी भाद्रपद. दिवस मात्र तोच. या गावाच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे आणि त्यात विक्रम संवत 1646 व शके 1511 अशी कालगणना दिली आहे. एकाच दिवसाला अनेक नावांनी ओळखण्याची सवय आपल्याला चारशे वर्षांची आहे.

श्वेतांबर मूर्तिपूजकांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येते. म्हणजे बहुधा आपल्या गणेशचतुर्थीच्याच दिवशी. स्थानकवासी सामान्यतः पंचमी पाळतात. दिगंबरांचे दशलक्षणपर्व पंचमीला सुरू होऊन अनंतचतुर्दशीला पुरे होते. मग चतुर्थी आली कोठून? या प्रश्नाचे उत्तर परंपरेने आपल्या पैठणात ठेवले आहे.

निशीथचूर्णीसारख्या जुन्या ग्रंथांत कालकाचार्यांची कथा येते. ते प्रतिष्ठान नगरीत वर्षावासासाठी आले. संवत्सरी तेव्हा पंचमीला होत असे. परंतु त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव असे. सातवाहन राजाने विनविले, की प्रजेबरोबर मला इंद्रोत्सवात असावे लागते, तरी आपले पर्व षष्ठीला करावे. आचार्य म्हणाले, पंचमी ओलांडता येणार नाही. राजाने विचारले, मग चतुर्थीला? आचार्यांनी ते मान्य केले.

या कथेतला बारकावा पाहण्याजोगा आहे. आचार्यांनी राजाची अडचण ऐकली, दुसऱ्यांच्या उत्सवाला जागा करून दिली आणि आपला दिवस हलविला. परंतु तो अलीकडे हलविला, पलीकडे नाही. कल्पसूत्राचा नियमही असाच आहे. पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री झाल्या, की पर्युषण झालेच पाहिजे. त्याआधी केलेले चालते, ती रात्र उलटून गेलेली चालत नाही.

हा आग्रह कशासाठी, हे कषायांच्या विचारातून उलगडते. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांच्या, तीव्रतेनुसार, प्रत्येकी चार पायऱ्या जैन कर्मशास्त्राने सांगितल्या. परंपरेने त्यांना मुदतीही दिल्या : सर्वांत सौम्य तो पंधरवडाभर टिकणारा, त्यावरचा चार महिने, त्यावरचा वर्षभर, आणि त्यापुढचा जन्मभराचा, ज्याला ‘अनंतानुबंधी’ म्हणतात. आता प्रतिक्रमणाचे प्रकार पाहा : रोजचे सकाळ-संध्याकाळचे, मग पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. राग पुढच्या पायरीवर चढण्याआधी त्याला गाठावयाचे, अशी ही रचना आहे. संवत्सरी ही त्यातली शेवटची मुदत. ती टळली, तर मनातली अढी आयुष्यभराची होते.

उपवासाचे स्थान यानंतर समजते. एकासणे, मीठ-तूप-मसाल्यावाचून एकवेळ जेवण्याचे आयंबिल, आठ दिवसांची अठ्ठाई, महिनाभराचे मासखमण : या तपांपुढे आपण नम्र होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तत्त्वार्थसूत्राने अनशनाची गणना सहा बाह्य तपांत केली. प्रायश्चित्त, विनय, सेवा आणि स्वाध्याय यांची आभ्यंतर तपांत. दशलक्षणाच्या दहा धर्मांतही पहिला मान उत्तम क्षमेचा. तप त्याच्या बऱ्याच मागून येते. अठ्ठाईचे पारणे थाटात झाले आणि सख्ख्या भावाशी बोलणे बंदच राहिले, तर बाहेरचे तप झाले, आतले राहून गेले.

या पर्वाला सार्वजनिक बाजूही आहे. 1583 साली हीरविजयसूरी फत्तेपूर सिक्रीस पोहोचले आणि पुढे अकबराने पर्युषणात पशुवधबंदीचे फर्मान काढले. त्याच अकबराने 1601 साली असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर मोगलांचे झाले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेत पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा ठराव वैध ठरविताना अकबराचे स्मरण केले. 2015 साली मुंबईत मात्र असाच वाद पेटला आणि 17 सप्टेंबरच्या मांसविक्रीबंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कायद्याचे काम न्यायालये करतील. मला भाषेपुरते बोलावयाचे आहे. उपवासाआधी घेतात त्या प्रतिज्ञेला ‘पचक्खाण’ म्हणतात, म्हणजे प्रत्याख्यान, आपण होऊन केलेला त्याग. तो घेणारा स्वतःसाठी घेतो. शेजाऱ्याच्या वतीने पचक्खाण घेता येत नाही. शेजाऱ्याला विनंती करता येते, जशी पैठणात राजाने केली. आणि विनंती मान्य करणाऱ्याचा मोठेपणा तेथे आचार्यांकडे होता, हेही विसरू नये.

‘मिच्छामि दुक्कडम्’ या प्राकृत शब्दांचा अर्थ, माझे दुष्कृत मिथ्या होवो. आज हे शब्द छापील पत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरून शेकडो जणांना एकदम जातात. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे, त्याचे नाव त्या यादीत बहुधा नसते. त्याच्या दाराशी आपल्याला चालतच जावे लागते.

या शाळेत एका बाकावर बसलेल्या आणि पुढे दुरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. धर्म कोणताही असो, कालकाचार्यांचा नियम आपल्याला घेता येईल : क्षमेचा दिवस सोयीसाठी अलीकडे आणावा, पुढे ढकलू नये.